ओट्याचा दगड

राजेरजवाड्यांचा इतिहास आपण वाचतो. पण ज्या दगडापाशी आपले निम्मे आयुष्य जाते, त्यालाही इतिहास आहे.

कोल्हापूरची भूमी काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो घडला. अंबाबाईचे देऊळ त्याचेच आणि आपला पाटा-वरवंटाही त्याचाच. मात्र या कठीण दगडाच्या पातळ, रुंद लाद्या सहज निघत नाहीत. घरोघरी चूल सारवलेल्या जमिनीवरच असे आणि गृहिणी तिच्यापुढे वाकलेली.

१८९१ साली कोल्हापुरास रेल्वे आली. दुरून जड माल आणणे सुकर झाले. कलबुर्गीकडील शहाबादी फरशी आणि आंध्रातील कडप्पा हे थराथरांचे चुनखडी दगड. त्यांच्या लाद्या सुटतात. पुढे स्टोव्ह आणि गॅस आले, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा झाला, आणि त्यावर हे दगड बसले. जमिनीवरून ऊठबस करण्याचा त्रास वाचला.

परंतु चुनखडीला आंबटाचे वावडे. लिंबू, चिंच वा आमसूल सांडून राहिले की चकाकी जाते, डाग उरतो. मागाहून घरांत आलेल्या ग्रॅनाइटला हे भय फारसे नाही. म्हणून दगड घेण्यापूर्वी तुकड्यावर लिंबू पिळून अर्धा तास ठेवावे; डाग उमटला तर समजावे.

आणखी एक. ओट्याची उंची गवंड्याने नव्हे, तेथे राबणारीने ठरवावी. कोपराखाली चार-सहा इंच. दगड शंभर वर्षे टिकेल, पण पाठ एकच असते!