मागून येणारा आवाज



लगीनसराईत आपल्याकडे धवलारणी बसतात. एक जण ओळ उचलते, बाकीच्या झेलतात. दहा जणी असल्या तरी सूर एकच. कुणाचा आवाज जाड, कुणाचा बारीक, पण वाट सगळ्यांची एक. कुणी जरा खाली घसरली की शेजारची कोपर मारते. कसारा लोकलच्या लेडीज डब्यातल्या भजनातही तेच. “ताई, सुरात या.”

आज मी सांगणार आहे ते गाणं वेगळ्या रीतीचं. त्यात चौघांनी एकाच वेळी चार निरनिराळे सूर धरायचे, आणि तरी बेसूर व्हायचं नाही.

गावात भजनी मंडळाची पेटी असेल तर करून बघा. ‘सा’ दाबून ठेवा. तो न सोडता ‘ग’ दाबा, मग ‘प’. तीन सूर एकमेकांशी भांडत नाहीत, उलट घर माणसांनी भरल्यासारखं वाटतं. आता वरचा कोमल ‘नी’ दाबा. लगेच आवाज जरा अस्वस्थ होतो, उठून कुठेतरी जायला निघाल्यासारखा. हेच चार सूर चार गळ्यांतून काढायचे. त्याला हार्मनी म्हणतात. जॅझ गाणाऱ्यांना तो चौथा, अस्वस्थ करणारा सूर फार प्यारा.

या गाण्यातलं मोठं नाव म्हणजे मिल्स ब्रदर्स. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पिक्वा नावाचं लहान गाव आहे, तिथलं हे कृष्णवर्णीय कुटुंब. बापाचं सलून. नंबर लागेपर्यंत बसल्या बसल्या गिऱ्हाइकांनी मिळून गायचं, अशी तिकडच्या सलूनमधली जुनी चाल. बाप स्वतःही तसा चौघांत गायचा. त्याची चार पोरं जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनल्ड. सांगतात की एका स्पर्धेच्या वेळी हॅरी आपली पिपाणी घरीच विसरला. स्टेजवर उभं राहिल्यावर करणार काय? त्यानं दोन्ही हातांची ओंजळ तोंडावर धरली आणि ट्रम्पेटसारखा आवाज काढला. लोक खूश झाले. मग भावांनी तीच रीत पकडली. एक जण तोंडानं ट्रम्पेट वाजवणार, एक जण खालचा जाड भोंगा, आणि खरं वाद्य म्हणाल तर एकच, जॉनच्या हातातली गिटार. १९३१ साली त्यांची ‘टायगर रॅग’ ही तबकडी निघाली आणि तुफान चालली. ऐकणाऱ्याला वाटायचं मागे अख्खा बँड बसलाय. म्हणून कंपनीला तबकडीवर छापावं लागलं, की यात एका गिटारीशिवाय कुठलंही वाद्य वापरलेलं नाही.

१९३६ मध्ये थोरला जॉन वारला. तरणाताठा मुलगा. सगळ्यात खालचा सूर त्याचा होता. खालचा सूर गेला की वरचे तिघे भिंत काढलेल्या पत्र्यासारखे होतात. तेव्हा बाप पुढे आला आणि मुलाच्या जागी उभा राहून मुलाचा सूर गायला लागला. पुढची वीसेक वर्षं तो गात होता. १९४३ साली त्यांचं ‘पेपर डॉल’ अमेरिकेत बारा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मला विचाराल तर ‘टायगर रॅग’पेक्षा हेच सरस. आधी सावकाश एकच आवाज येतो, बाकीचे खाली नुसते हुंकार देतात, आणि मध्यावर चाल एकदम पळायला लागते. तो खालचा हुंकार बापाचा आहे हे कळल्यापासून मला ते गाणं साधं ऐकताच येत नाही.

बापाला गिटार येत नव्हती. त्यामुळे गिटारीला बाहेरचा माणूस घ्यावा लागला. नॉर्मन ब्राउन नावाचा वादक तीसेक वर्षं त्यांच्या मागे वाजवत होता. पण ‘मिल्स ब्रदर्स’ म्हटलं की त्यात तो येत नाही. तो भाऊ नव्हता ना.

आपल्या बाजूला हा वेगळा सूर लावायची रीत आली ती गोव्याहून. पोर्तुगीजांच्या राज्यात तिथं चर्चच्या शाळा होत्या. त्यांत मेस्त म्हणून संगीताचा गुरुजी असायचा. आपण गवंड्याला मेस्त्री म्हणतो, तो शब्दही त्याच मुळाचा. हा मेस्त गरिबाच्या पोरांनाही व्हायोलिन आणि कागदावर लिहिलेले सूर वाचायला शिकवायचा. त्यातूनच कोकणीतला मांडो फुलला. लग्नघरात बाया-पुरुष मिळून मांडो गातात, मागे घुमट आणि व्हायोलिन. एक आवाज मुख्य चाल गातो, दुसरा जरा अंतर ठेवून त्याच्या सोबतीनं चालतो. त्या दुसऱ्याला तिथं कुणी कोपर मारत नाही.

ही पोरं पुढे पोटासाठी मुंबईला आली. आपण उंबरमाळीला लोकल पकडून सीएसटीला उतरतो, तिथून मेट्रो सिनेमाकडे चालत निघालं की धोबीतलाव लागतो. त्या भागात गोव्यातल्या गावागावांनी आपापल्या खोल्या घेतल्या होत्या. त्यांना कूड म्हणतात. कूड म्हणजे खोलीच. गावातल्या माणसांनी महिन्याला थोडी वर्गणी भरायची, आणि बोटीवर नोकरी मिळेपर्यंत किंवा बँडमध्ये जागा मिळेपर्यंत तिथं पेटी टाकून राहायचं. वर्गणी, हिशेब, अडल्यानडल्याला आधार. आपल्या बचतगटाची थोरली बहीणच म्हणा ना, फक्त पुरुषांची!

त्या मुंबईत हळदोण्याचा एक पोरगा ट्रम्पेट वाजवून गाजला. अँटोनियो झेवियर वाझ हे त्याचं खरं नाव, पण सगळे म्हणायचे चिक चॉकलेट. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. दारूबंदी म्हटलं की आपण सगळ्या टाळ्या वाजवतो, मीही वाजवते. पण हॉटेलात रात्री बँड वाजवून घर चालवणाऱ्यांचं काम त्यानं बरंच कमी झालं, हेही खरं. यातले कितीतरी वादक सिनेमाच्या स्टुडिओत आले.

तिथं त्यांना आपली माणसं भेटली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि गिरणी कामगाराच्या घरातले भगवानदादा. १९५१ चा ‘अलबेला’ या तिघांच्या मेळाचा. भगवानदादांची ती हात हलवत, गुडघ्यात जरा वाकून नाचायची ढब आजही हळदीत बापई माणसं करतात. पण ज्या वाजवण्यावर पाय हलतात ते जॅझचं आहे, आणि त्यामागे चिकचा हात आहे. एका गाण्यात तर तो आणि त्याचे वादक झालरीचे शर्ट घालून पडद्यावरच दिसतात. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. कुठल्या व्हायोलिननं काय वाजवायचं, कोरसनं खालचा सूर कुठे धरायचा, हे कागदावर उतरवणारे बहुतेक गोव्याचेच असत. पोस्टरवर नाव संगीतकाराचं.

नावाची गंमत बघा. सी. रामचंद्र गाताना ‘चितळकर’ असायचे. एका माणसाला दोन नावं, आणि मागच्या पन्नास जणांना एकही नाही. १९४९ च्या ‘महल’ सिनेमातलं ते गाजलेलं गाणं लता मंगेशकरांनी गायलं, तेव्हा तबकडीवर नाव छापलं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! सांगतात की ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं लिहून भंडावलं, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. पुढे लताबाईंचं नाव ठळक छापलं जाऊ लागलं, आणि त्यापुढे ‘आणि कोरस’. कोरसमधल्या बाया कोण होत्या, कुठून कुठल्या लोकलनं यायच्या, तबकडी ते सांगत नाही.

हे सगळं मी शोधायला लागले त्याला कारण आहे. मागे आमच्या गटातल्या चौघी एका ठिकाणी गाणं रेकॉर्ड करायला गेल्या होत्या. गाणं लागलं त्या दिवशी आम्ही मोबाईल मध्ये ठेवून सगळ्या ऐकायला बसलो. निवेदनात अध्यक्षाताईंचं नाव आलं आणि मग “व सहकारी”. खालच्या आवाजात गाणारी मावशी काही बोलली नाही. संध्याकाळी भांडी घासताना एवढंच म्हणाली, “माझं नाव लांब आहे, म्हणून नसेल घेतलं.”

मावशीचा आवाज वर जात नाही. ती लहानपणापासून एक पायरी खाली गाते, आणि तीस वर्षं कोपर खाते. त्या रेकॉर्डिंगमधून तिचा आवाज वजा केला तर गाणं पोकळ होईल. मी कान देऊन दोनदा ऐकलंय.

आता आमच्या गटात ठरलंय. गायला जायचं तर चौघींची पूर्ण नावं आधी कागदावर लिहून द्यायची, आणि ती वाचणार का, हे विचारल्याशिवाय माईकसमोर बसायचं नाही. पहिल्यांदा समोरचे हसले. नावं वाचली मात्र, मावशीचं लांबलचक नावसुद्धा.

पुढच्या शनिवारच्या बैठकीत वसुली झाली की ‘अलबेला’ची गाणी आणि ‘पेपर डॉल’ लावणार आहे. भजनी मंडळाची पेटी ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती घेऊन यावी. मावशी, तुम्ही पेटीजवळ बसा.