आजीव सभासदांचे मंडळ

पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल १ जानेवारी १८८० रोजी सुरू झाले, ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने. १८८२ साली शास्त्रीबुवा निवर्तले आणि मागे उरले ते वयाने तरुण, बरोबरीचे आणि तितकेच मानी सहकारी. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत हीच घडण कायम झाली : शिकविणारे आजीव सभासद तेच चालक, आणि निर्णय बहुमताचा.

टिळकांचा आग्रह जेझुइट पाद्र्यांसारख्या त्यागाचा होता. वेतन अल्प, बाहेरचे उद्योग वर्ज्य. ध्येय उदात्त खरे. परंतु सभासदांना संसार होते, कित्येकांना सार्वजनिक कार्याची ओढही होती. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा वाद विकोपाला गेला. मते मोजून चालणाऱ्या मंडळात एकाच्या निग्रहाला आज्ञेचे बळ येत नाही. १८९० साली प्रदीर्घ राजीनामापत्र लिहून टिळक बाहेर पडले.

तोच निग्रह ‘केसरी’ला मानवला. वृत्तपत्राला एकच आवाज लागतो. तो आपला नव्हे हे ओळखून आगरकर १८८७ सालीच तेथून निघाले होते व त्यांनी पुढे ‘सुधारक’ काढला. सोसायटीत मात्र ते राहिले. १८९२ साली फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉलपद त्यांच्याकडे आले आणि १८९५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.