मलनिःसारण सेवा : दीर्घकालीन भांडवली व आर्थिक नियोजन (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

मैलापाणी गोळा करणे, ते उपसणे व त्यावर प्रक्रिया करणे यांसाठी पुढील १५ ते ३० वर्षांत लागणारा पैसा, तो उभारण्याचे मार्ग व परतफेडीची तरतूद यांचा एकत्रित आराखडा. बंगळूर (१९६४) व चेन्नई (१९७८) येथे या कामासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. ठाणे (१९८२) व कल्याण-डोंबिवली (१९८३) येथे ते महापालिकांकडेच असल्याने गटारांचा पैसा रस्ते, शाळा, रुग्णालये यांच्याच अंदाजपत्रकात वाटून घ्यावा लागतो.

वागळे इस्टेट : १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ठाण्यातील ही आरंभीची वसाहत. पुढे कित्येक कारखान्यांच्या जागी कार्यालये आली, भोवती किसननगरसारख्या दाट वस्त्या वाढल्या. आता किसननगरात समूह पुनर्विकास (क्लस्टर) योजना आहे. माणशी रोज १३५ लिटर पुरवठा व त्यातील ८० टक्के पाण्याचे सांडपाणी या रूढ हिशेबाने १ लाख लोकवस्तीमागे रोज सुमारे १ कोटी ८ लाख लिटर मैलापाणी येते. बैठ्या वस्तीसाठी टाकलेल्या वाहिन्यांना उंच इमारतींचा भार पेलेल का, हे बांधकाम परवानगीच्या वेळीच तपासले पाहिजे. ठाण्यातील कोपरीच्या मलप्रक्रिया केंद्राची क्षमता रोज १२ कोटी लिटर आहे.

औद्योगिक सांडपाणी : डोंबिवलीत सामाईक प्रक्रिया केंद्रे, हिशेब वेगळा.

भांडवल : जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात (२००५) मुंबई महानगरातील प्रकल्पांचा खर्च केंद्र, राज्य व पालिका यांच्यात ३५:१५:५० असा वाटला गेला. दहा लाखांवरील शहरांसाठी ‘अमृत’ या केंद्रीय योजनेत (२०१५) केंद्राचा वाटा एकतृतीयांश होता, ‘अमृत २.०’मध्ये (२०२१) तो २५ टक्क्यांवर आला. उरलेली रक्कम उभी करणाऱ्या पालिकांचा जकातीचा आधार याच काळात सुटला. जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही बहुतांशी २०१५ मध्ये संपला. २०१७ पासून वस्तू व सेवा कराची भरपाई राज्याकडून येते व कायद्याने ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते.

चालू खर्च व घसारा : नियोजनाची खरी कसोटी येथे लागते. अनुदानातून मलप्रक्रिया केंद्र उभे राहते. वीजबिल, कामगार व दुरुस्ती पालिकेच्याच खात्यावर पडते. वाहिन्यांचे नियोजन ३० वर्षांसाठी, पंपयंत्रांचे १५ वर्षांसाठी होते; म्हणजे एका वाहिनीच्या आयुष्यात पंप पुन्हा एकदा घ्यावेच लागतात. त्या खरेदीसाठी घसारा निधी दरवर्षी बाजूला काढला नाही, तर आराखडा बांधकामापुरताच उरतो. मलप्रवाह कर मालमत्ता कराच्या देयकातून येतो, तो करयोग्य मूल्यावर बसतो. किती मैलापाणी सोडले याच्याशी त्याचा संबंध नसतो.

२७ गावे : २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत समाविष्ट; म्हणजे तेथील मलनिःसारणाचा भारही याच महापालिकेवर.

कर्ज व रोखे : कर्जास राज्य शासनाची मंजुरी लागते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, पिंपरी-चिंचवडनेही २०२३ मध्ये २०० कोटी रुपये रोख्यांतून उभे केले.