काट्याची गोष्ट : जड ओझे आणि तापणारा ट्रॅक्टर



उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चढावर धापा टाकताना आपण पाहतो. चालकाची नजर रस्त्यावर असते, ती असायलाच हवी. पण समोरच्या तापमानाच्या काट्याकडे कितीजण पाहतात? हा काटा आला कुठून, ते आज पाहू.

सन १९१७ मध्ये अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याला पाण्याचा पंप नव्हता. तापलेले पाणी आपोआप वर चढे आणि रेडिएटरमध्ये निवून खाली येई. मागच्या आसात मळसूत्रासारखा दांडा दात्यांचे चाक फिरवी. दाते एकमेकांवर घासत, त्यामुळे जड नांगरटीत ती पेटी चांगलीच तापे. आणि चालकाची बैठक नेमकी तिच्यावर! गिअर तापल्याचे सांगायला यंत्र नको, बसणाऱ्यालाच ते कळे.

मोटारींसाठी उपाय आधीच निघाला होता. १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉइस यांनी रेडिएटरच्या झाकणावर बसणारा थर्मामीटर आणला. पुढे तोच काटा होऊन चालकासमोर आला.

धुराचे तापमान मोजण्याची युक्ती तर त्याहून जुनी. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते, हे सीबेक यांच्या १८२१ मधील प्रयोगांतून पुढे आले. त्यावरच धुराचे तापमान दाखवणारी यंत्रे चालतात. १९६१ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीचा डी-१९ हा टर्बो बसवलेला डिझेल ट्रॅक्टर आला. टर्बो धुराच्याच जोरावर फिरतो, म्हणून तिथे या तापमानाला फार महत्त्व. ओझे वाढले की धूर लगेच तापतो, पाण्याचा काटा मागाहून हलतो. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर असे यंत्र नसते. म्हणून सायलेन्सरकडे पाहा. काळा धूर सतत निघू लागला, की इंजिनावर ताण फार झाला असे समजा.

एक चालक मला म्हणाला, "साहेब, काटा खाली आला म्हणून मी निर्धास्त होतो." पाणी गळून गेले होते. पाणीच नसेल तर काटा खरे कसे सांगणार? इंजिनाचे हेड वाकले आणि ऊस दोन दिवस रस्त्यावर वाळला.

तेव्हा एवढे करा. सकाळी पाणी, गिअरचे तेल आणि पंख्याचा पट्टा पाहा. रेडिएटरच्या जाळीतील पाचट काढा. चढ लागण्याआधीच खालचा गिअर घ्या. काटा लाल खुणेकडे सरकला तर सपाट जागी थांबा, चाकांना दगड लावा आणि इंजिन मंद चालू ठेवा. पाणी गळत असेल तर मात्र लगेच बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. टर्बो असेल तर काम संपल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालवून मगच बंद करा.

फोर्डसनच्या चालकाला चटका बसल्यावर कळे. आपल्याला आधी कळते, फक्त पाहायला हवे.