पाबळची शाळा

परवा घरी सगळे जमलो होतो. दहावीनंतर दीड वर्ष घरीच असलेल्या आमच्या भाच्याचा विषय निघाला. "एखादा कोर्स लावून द्या त्याला," कुणीतरी म्हणालं. "कसला?" तिथेच गाडी अडली. पोरगा समोरच बसला होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून पाबळ डोक्यात घोळतंय.

पाबळ म्हटलं की मस्तानीची समाधी आठवते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं हे कमी पावसाचं गाव. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस. नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह इथे येऊन राहिला.

त्यांचा विचार साधा होता. मूल चालायला-बोलायला शिकतं ते करून करूनच. शाळेत ही रीत सुटते आणि काही मुलं मागे पडतात. मग दोष मुलाचा की रीतीचा?

शाळा सुटलेल्या मुलांसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला. एकच धंदा शिकवायचा नाही, हे पहिलं सूत्र. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि सगळ्यांनी सगळं शिकायचं. कारण उघड आहे. लहान गावात नुसत्या वेल्डिंगवर वर्षभर पोट भरेलच असं नाही, पण वेल्डिंग, वायरिंग आणि थोडं बांधकाम येणाऱ्याला काही ना काही काम मिळतं. दुसरं सूत्र, कामं खरी हवीत, गावाला लागणारी. विहिरीची जागा ठरवण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणं हाही तिथे अभ्यासच! आणि तिसरं, शिकवणाऱ्यालाही स्वतःचा उद्योग चालवता यायला हवा.

हे अगदी नवं नव्हतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हाही हस्तोद्योगातून शिक्षण हीच कल्पना होती. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा म्हटल्यावर, 'ही तर बालमजुरी होईल' असा आक्षेपही तेव्हाच आला. तो मला आजही खोटा वाटत नाही. मूल शिकण्यासाठी काम करतंय की काम उरकण्यासाठी राबतंय, ही रेघ बारीक असते. कामाआधी आराखडा, नंतर खर्चाचा हिशेब आणि 'हे असं का झालं?' हा प्रश्न असेल, तरच ते शिक्षण.

कलबाग २००३ साली गेले. त्याआधी वर्षभर, २००२ मध्ये, एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब आली होती. आश्रमाचं काम पुढे चालूच राहिलं. २०१५ साली सरकारची कौशल्य विकास योजना आली. तिचे अल्पमुदतीचे कोर्स एकेका ठरावीक कामासाठी. शहरात त्याचाही उपयोग आहे, नाही असं नाही. पण त्यात आधी नोकरी ठरते आणि मग मुलगा शोधतात. पाबळला सुरुवात मुलापासून आणि त्याच्या गावापासून झाली.

असो. काल भाच्याला हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं, "मामा, तिथेही नापास करतात का?"

दीड वर्ष तो काय घेऊन बसला होता, ते तेव्हा कळलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं पाबळला जाऊन येणार आहोत. कोर्स लावायला नाही, आधी नुसतं बघायला.