अंबाड्याचा मान

दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळी नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्यात आमची कुळगी वसली आहे. बाहेरची मंडळी तिला वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे ओळखतात. अलीकडे येथील लग्नघरातही वधूची केशरचना करावयास दांडेलीहून ब्युटी पार्लरवाली मुलगी येते. तिच्या पेटीत तयार अंबाडे, जाळ्या, पिना आणि केस जागच्या जागी बसविणारा फवारा असतो. तासाभरात नवरीच्या मस्तकी डौलदार खोपा उभा राहतो आणि वडीलधाऱ्या बायका मान डोलावतात. हे कौतुक आम्हीही करतो. तथापि या एका गाठीमागे केवढा इतिहास आहे, आणि तो केवळ नटण्यामुरडण्याचा कसा नाही, हे या निमित्ताने नोंदवून ठेवावे असे आम्हांस वाटते.

केस वर बांधण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. अमरकोशात बांधलेल्या केसांना धम्मिल्ल आणि केशरचनेला कबरी असे स्वतंत्र शब्द आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील युगुले, अजिंठ्याच्या भिंतींवरील राजस्त्रिया आणि इकडे कर्नाटकात बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातील (इ. स. १११७) दर्पणसुंदरी पाहिली, की शिल्पी आणि चित्रकार केसांच्या वळणांत किती रमत असत याची कल्पना येते. मराठीनेही या बाबतीत शब्दांची काटकसर केलेली नाही. काम करता करता हाताने पिळून बांधलेला तो बुचडा. नीट विंचरून, गुंडाळून घातलेला तो अंबाडा. आणि सणासमारंभाला फुलादागिन्यांनी सजलेला तो खोपा. सुगरणीच्या घरट्यालाही आपण खोपाच म्हणतो. दोन्हीकडे विणकामाची कसोटी तीच आहे, आणि सुटे टोक बाहेर दिसू नये हा दंडकही तोच.

खोपा घालण्याची जुनी रीत आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. आदल्या दिवशी न्हाणे होई. मग खोबरेल तेल चोळून केस फणीने विंचरावयाचे, मागे घट्ट ओढून तिपेडी वेणी घालावयाची, केस विरळ असल्यास तिच्यात गंगावन मिसळावयाचे, ती वेणी मानेच्या वर गोल गुंडाळून शेवट आत खोचावयाचा आणि आकड्यांनी पक्का करावयाचा. त्यावर अग्रफूल, राखडी, मूद, केवडा असे ऐपतीप्रमाणे सोन्याचे दागिने. ऐपत नसेल तर फुले. हे काम स्वतःचे स्वतःला साधत नाही. कोणाच्या तरी गुडघ्यांशी पाठ करून बसावे लागते, आणि मागे बसलेल्या बाईच्या हाती आपले डोके निर्धास्त सोपवावे लागते. म्हणूनच लग्नघरात नवरीचा खोपा कोणी घालावयाचा, हा मानाचा प्रश्न असे.

आपला जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. मधल्या काळात आणि त्याच्या मागेपुढे जी मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली, त्यांच्या लेकीसुनांनी येथील फुलेही आपलीशी केली. अबोली, शेवंती, बकुळ आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी सुरंगी. कळ्या उमलण्याआधी भल्या पहाटे काढलेल्या सुरंगीचा वळेसर खोप्याभोवती बसला, की दागिन्याची उणीव कोणाला भासत नसे. शेजारच्या कानडी घरांत अंबाड्याला तुरुबु म्हणतात. पण नवरीसाठी तेथे पाठीवर सोडलेल्या लांब वेणीला मोगऱ्याच्या कळ्यांनी मढविण्याची चाल अधिक. ते मोग्गिन जडे. आपल्यात गुंडाळलेला खोपा, त्यांच्यात लांब जडे. आज एकाच मांडवात दोन्ही दिसतात, आणि त्यात कोणाचे काही उणे होत नाही.

गेल्या शतकात या हौसेला रंगभूमीने मोठे बळ दिले. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व (१८८८–१९६७), हे स्त्रीभूमिका करीत. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनीपासून पुढे त्यांचे लुगडे नेसणे, केस बांधणे आणि फुले माळणे यांचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया करू लागल्या. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथासाठी (१९२०) निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रिया त्यांच्या वेशभूषेसह रंगविल्या. त्या काळचे वेश आणि केशभूषा ताडून पाहण्यास ती चित्रे आजही उपयोगी पडतात.

परंतु ज्या काळी एक पुरुष नट स्त्रियांना केशरचनेची वळणे शिकवीत होता, त्याच काळी कितीतरी मराठी स्त्रियांच्या मस्तकी केसच नव्हते. पती निवर्तला की केशवपन, ही ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत रूढी होती. खोपा हे सौभाग्याचे लेणे मानले, की ज्या घरात सौभाग्य नाही तेथे खोपाही नाही, असा तो निष्ठुर हिशेब. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालवावयाचा नाही असे तिने ठरविले. त्यामागे सत्यशोधक चळवळीतील कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्यांची रोजी त्या वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवावा, याचे मोल आम्हांस फार वाटते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात (१८८९) शिकलेल्या बालविधवा गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी पुनर्विवाह केला नाही. मात्र केशवपन त्यांनी सोडून दिले, आणि ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्याविषयी लिहिले. पुन्हा लग्न न करताही केस राखता येतात, हे त्यांनी दाखविले, आणि ते धैर्य काही लहान नव्हते.

पुढे केशवपन गेले. त्याची सावली मात्र गेली नाही. आमच्याच घरातील एक गोष्ट सांगतो. आमच्या आत्याबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांचे केस राहिले होते. पण त्या साध्या अंबाड्यावर फूल कधी चढले नाही. खोपा घालण्यात त्यांचा हात धरील अशी बाई पंचक्रोशीत नव्हती. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. खोपा घालणाऱ्या बाईला तो काही केल्या साधेना. आत्याबाई मागील दारच्या उंबऱ्याशी बसून सांगत होत्या, “अगं, पेड सैल पडला. डाव्या हातानं धर, मग पीळ दे.” सांगत होत्या, पण उठल्या नाहीत, आणि कोणी त्यांना उठा म्हणालेही नाही. आम्हीही म्हणालो नाही. अशुभाचे भय कोणाला होते कोण जाणे. परंतु त्या दिवशी ज्या हातांना खोपा येत होता ते हात मांडीवर पडून राहिले. आत्याबाई गेल्या, त्यांचे कसबही त्यांच्याबरोबर गेले.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या त्या गावाची बातमी आम्ही येथे वाचली, तेव्हा आम्हांस तो उंबरा आठवला.

पार्लरवाल्या मुलीवर आमचा राग नाही. किंबहुना तिचे आम्ही ऋणी आहोत. नवरीच्या डोक्याला हात लावताना ती सवाष्ण की विधवा, हे तिला कोणी विचारीत नाही. तिच्या कलेने तेवढे एक कोडे सहज सोडविले. परंतु जुना खोपा ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या अजून आमच्या-तुमच्या घरांत आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जणी उंबऱ्याशीच बसतात. पुढच्या लग्नात तिपेडीचा पहिला पेड त्यांच्या हाती द्यावा, आणि खोपा पुरा झाला की उरलेल्या वेणीतील दोन फुले त्यांच्या अंबाड्यातही खोवावीत. आमच्या आत्याबाईंना जे देता आले नाही, ते त्यांना तरी मिळावे.