मताची किंमत १३१

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या कट्ट्यावर सकाळच्या पोह्यांबरोबर एक सिद्धान्त हमखास वाढला जातो. वाढणारे बहुधा निवृत्त. कुणी बँकेतून, कुणी वीज मंडळातून, आणि निम्म्यांची मुलं पुण्याला नाहीतर न्यू जर्सीला. सिद्धान्त असा: आपल्या मताला किंमत नाही. पंतप्रधान खासदार ठरवतात, राष्ट्रपती आमदार-खासदार ठरवतात, आपण नुसती बोटाला शाई लावून यायचं. त्यापेक्षा अमेरिकेसारखा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेला निवडू द्या, मग बघा लोक कसे धावतात ते. यावर कुणीतरी "बरोबर है भिया" म्हणतो, आणखी शंभर ग्रॅम जिलबी येते आणि विषय मेट्रोकडे वळतो.

हा पूर्वपक्ष मी वीसेक वर्षं ऐकतो आहे. मताच्या किमतीची एक वेगळी तक्रार मला मान्य आहे, ती पुढे येईल. हा डोलारा मात्र हात लावला की हलतो.

आधी अमेरिकाच घेऊ. तिथला मतदार अध्यक्षाला थेट निवडतो, हीच मुळात ऐकीव गोष्ट. तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो आणि ते अध्यक्ष निवडतात. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मतं पडली आणि अध्यक्ष ट्रम्प झाले. २००० साली अल गोर देशभरात पाच लाखांवर मतांनी पुढे होते. फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी ते हरले. माझा भाचा न्यू जर्सीत राहतो, तिथला नागरिक आहे. ते राज्य १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाच्या पारड्यात पडतं. गेल्या खेपेला मी विचारलं तर म्हणाला, "मामा, माझ्या मतानं इथे काय होणार? पेनसिल्व्हेनियात असतो तर गोष्ट वेगळी." म्हणजे ज्या देशाचा दाखला आपण पोहे खाता खाता देतो, तिथून तेच रडगाणं परत येतं.

बरं, खरोखर थेट निवडणूक कुठे होते? फ्रान्समध्ये १९६५ पासून, श्रीलंकेत १९८२ पासून. श्रीलंकेत मतदान भरघोस होतं. २०१९ साली ते ८० टक्क्यांच्या वर गेलं, हे पूर्वपक्षाच्या बाजूनं नोंदवायला हवं. त्या वेळी गोटाबाया राजपक्षे निम्म्याहून अधिक मतं घेऊन अध्यक्ष झाले. जुलै २०२२ मध्ये लोक त्यांच्या निवासस्थानात शिरले, ते देश सोडून गेले, आणि २० जुलैला पुढचा अध्यक्ष कुणी निवडला? संसदेनं. थेट मतानं आलेल्या माणसाला पाच वर्षांच्या आत घालवायचा दुसरा रस्ता मतदाराच्या हाती नव्हता, म्हणून तो पोहण्याच्या तलावापर्यंत पोचला.

त्याच जुलै महिन्यात आपण इंदूरकर काय करत होतो? महापौर निवडत होतो, तोही थेट. कैलाश विजयवर्गीय २००० साली महापौर झाले ते अशा थेट मतानं आलेले पहिले. मधे २०१९ मध्ये कमलनाथ सरकारनं महापौर नगरसेवकांनीच निवडावा असं ठरवलं, पण ती पद्धत वापरायची वेळ आली नाही. २०२२ ला पुन्हा थेट मत आलं. एक शहर, एक पद, दोन तगडे उमेदवार, मधे कुणी आमदार-खासदार नाही. कट्ट्याच्या सिद्धान्ताप्रमाणे रांगा लागायला हव्या होत्या. मतदान झालं साठ-एकसष्ट टक्के. त्याच शहरानं २०१९ च्या लोकसभेला, जिथे म्हणे आपल्या मताला किंमत नसते, सुमारे ६९ टक्के मतदान केलं होतं. यावर कट्टा म्हणतो, महापौराचं पद लहान. मग मुद्दा थेटपणाचा राहिलाच नाही, पदाचा झाला.

आणि पदाचाच मुद्दा घटना समितीत होता. प्रौढ मतदानानं राष्ट्रपती निवडावा ही सूचना प्रा. के. टी. शहा यांनी मांडली होती. डिसेंबर १९४८ मध्ये तिच्यावर चर्चा झाली. आंबेडकरांचं उत्तर दोन पायांवर उभं होतं. एक, एवढ्या अफाट मतदारसंख्येसाठी यंत्रणा आणायची कुठून. दुसरं जास्त महत्त्वाचं: कारभार मंत्रिमंडळ करणार, राष्ट्रपती नामधारी, मग कोट्यवधी लोकांना त्याच्यासाठी रांगेत कशाला उभं करायचं? पहिलं कारण आज उरलेलं नाही. दुसरं उरलं आहे. राजेंद्र नगर हे नाव घेताच ज्यांची आठवण होते, त्या राजेंद्रबाबूंनाही पंतप्रधानांशी मतभेद होऊनसुद्धा हिंदू कायद्याच्या विधेयकांवर शेवटी सही करावी लागली. अशा पदाला थेट जनादेश दिला तर दिल्लीत दोन जनादेश समोरासमोर उभे राहतील, आणि वकिलांची चैन होईल.

आता १३१. राष्ट्रपती निवडताना आमदाराच्या मताचं मूल्य काढायचं सूत्र सोपं आहे: राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेले आमदार, आणि त्या उत्तराला हजारानं भागायचं. मध्य प्रदेशचं उत्तर १३१, महाराष्ट्राचं १७५, उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं ७. म्हणजे भोपाळला गुलाबी मतपत्रिकेवर आमचा आमदार १ हा आकडा लिहितो, त्यामागे सव्वा लाखाहून जास्त माणसं धरलेली असतात. त्यात मी आहे, पोहेवाला आहे, मत द्यायला कधीच न गेलेला माणूसही आहे.

पण ही लोकसंख्या १९७१ ची आहे. तीच धरून बसायचं असं घटनादुरुस्तीनं ठरवलं, २००१ मध्ये ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. २०११ चे आकडे घेऊन मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. मध्य प्रदेशच्या आमदाराचं मूल्य ३१६ येतं, केरळच्या आमदाराचं २३९. प्रत्यक्षात आज आपलं १३१ आणि केरळचं १५२. ही गोठवणूक लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये म्हणून झाली आणि ते कारण मला पटतं. तरी इंदूरच्या माणसाला 'माझं माप कमी भरतं' असं म्हणायचं असेल, तर तराजू इथे आहे. मी मान्य केलेली तक्रार ती ही. कट्ट्यावर मात्र ती कधी निघालेली मला आठवत नाही.

दुसरी एक तक्रार त्याहून बोचरी. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मत गुप्त. २०२२ मध्ये आपल्या विधानसभेत काँग्रेसचे ९६ आमदार होते आणि यशवंत सिन्हांना मतं पडली ७९. उरलेले कोण, त्यांच्या मतदारांना आजतागायत माहीत नाही. सामान्य मतदाराची गुप्तता त्याला गावगुंडापासून वाचवते. आमदाराची गुप्तता त्याला आपल्यापासून वाचवते. मात्र हाच दरवाजा कधी राजकारण जिवंतही करतो. १९६९ मध्ये सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या म्हटल्यावर चिंतामणराव देशमुखांना पहिल्या पसंतीची एक लाखावर मतं पडली, कुणालाच बहुमत मिळेना, आणि दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत गिरी जेमतेम साडेचौदा हजारांनी रेड्डींच्या पुढे गेले. ठरलेल्या खेळात असं होत नाही.

कट्ट्याच्या पाठीशी एक मोठा विद्वानही उभा करता येतो. अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये मांडलं की एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता जवळजवळ शून्य, आणि जाण्या-येण्याचा त्रास मात्र रोख. तेव्हा हिशेबी माणसानं घरीच बसावं. याची परीक्षा घ्यायला १३ मे २०२४ चं इंदूर फार सोयीचं आहे. काँग्रेसच्या उमेदवारानं २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि थेट भाजपची वाट धरली. सुरतेत तर आठवडाभर आधी बिनविरोध निवड होऊन मतदानच गेलं होतं. इथे मतदान उरलं, लढत उरली नाही. शंकर लालवानी लाखांनी जिंकणार हे पोराटोरांना ठाऊक होतं. मतदान घसरलं, खरं आहे, सात-आठ टक्क्यांनी. पण पंधरा लाखांवर माणसं उन्हात आली. त्यातल्या २,१८,६७४ जणांनी 'नोटा' दाबला. देशातला आधीचा विक्रम ५१,६६० चा होता. काँग्रेसनंच तसं सांगितलं होतं, कबूल. पण 'नोटा'ला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवारच जिंकतो, हेही ते दाबणाऱ्यांना माहीत होतं. आणि ज्या १२,२६,७५१ लोकांनी जिंकणाऱ्यालाच मत दिलं त्यांचं काय? डाऊन्सच्या हिशेबात ते तर सगळ्यांत वेडे. छप्पन दुकानवर लवकर मत देणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट होती, पण बारा लाखांना पुरेल एवढी जिलबी इंदुरातसुद्धा तळली जात नाही.

आमच्या शेजारच्या आजी तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. घरून मत द्यायची सोय पंच्याऐंशी पूर्ण झालेल्यांना होती. आजींना एक वर्ष कमी पडलं. नात आणि मी त्यांना शाळेतल्या केंद्रावर नेलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या बराच वेळ होत्या. बाहेर आल्यावर नातीनं विचारलं, कुणाला? "सांगायचं असतं तर तो पुठ्ठा कशाला लावलाय?" आजी म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. त्यांनी कोणतं बटण दाबलं ते आम्हाला कळलेलं नाही. निकाल त्यांनी विचारलाही नाही.

तेव्हा कट्ट्यावरच्या कडवटपणाचं मूळ राष्ट्रपती भवनात शोधू नये. २०१८ ला मध्य प्रदेशात दिलेला कौल मार्च २०२० मध्ये २२ आमदारांच्या राजीनाम्यांनी उलटला. चार वर्षांनी उमेदवारच उठून गेला. दोन्ही वेळा मत थेटच दिलेलं किंवा द्यायचं होतं. थेट निवडलेल्यानं पळ काढला तर काय, याचं उत्तर कोलंबोकडे नाही आणि वॉशिंग्टनकडेही नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार याद्यांची फेरतपासणी निघाली. २००३ च्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव दाखवायचं होतं. सिद्धान्ताचे आमचे प्रमुख भाष्यकार २००३ मध्ये रामबागेत राहत. राजेंद्र नगरच्या यादीत ते कुठून सापडणार? दोन संध्याकाळी ते माझ्याकडे चष्मा पुसत बसले आणि आम्ही मोबाइलवर रामबागेची केंद्रं एकेक करून उघडली. तिसऱ्या केंद्रावर त्यांच्या वडिलांचं नाव निघालं, 'विष्णु'चं 'विशनु' झालेलं. त्यांनी त्या ओळीचा फोटो काढला आणि न्यू जर्सीला मुलाला पाठवला.